तिसऱ्या मजल्यावरचे आमदार

ड्रेस्डेनच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक माजी आमदार राहतात. आमदार हा माझा शब्द. ते मूळचे स्कॉटलंडचे, खाणकामगाराचा मुलगा. आधी शाळेत भूगोल शिकवायचे, मग नगरसेवक झाले आणि पुढे बरीच वर्षं एडिंबरोच्या संसदेत होते. एका निवडणुकीत पडले आणि बायकोच्या माहेरी, म्हणजे इथे, राहायला आले. मी सांगलीची, इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. पुढाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही, या एका माणसाशी मात्र जमलं.

गेल्या वर्षी इमारतीच्या भाडेकरू समितीत एक जागा रिकामी झाली. एरवी असली जागा कुणाच्या तरी गळ्यात मारतात. या वेळी चक्क दोन उमेदवार निघाले, तळमजल्यावरच्या एक बाई आणि आमचे आमदार.

"मला अजून एकदा जिंकायचंय," ते मला म्हणाले. आम्ही इंग्रजीत बोलायचो. "पडलेला माणूस म्हणून मरायचं नाहीये."

त्यांचं जर्मन यथातथाच, म्हणून प्रचाराला मला जुंपलं. प्रचार म्हणजे दारोदार जाणं, आणि त्यांनी दिवस निवडला रविवार, तोही भर दुपारी. मी डोक्याला हात लावला.

"अहो, आत्ता रुहेत्साइट आहे, शांतता पाळायची वेळ! लोक घरात खिळासुद्धा ठोकत नाहीत, आणि तुम्ही बेल वाजवणार?"

"आमच्याकडे लोक रविवारीच घरी सापडतात," असं म्हणत त्यांनी पहिली बेल दाबलीसुद्धा.

झोपमोड झालेल्या एका आजोबांनी आमच्या तोंडावर दार आपटलं. आमदार खुशीत म्हणाले, "पक्का नाही, पण येईल आपल्याकडे." मला हसू आवरेना आणि त्यांची काळजीही वाटायला लागली.

मतमोजणी तळघरात, सायकलींच्या खोलीत झाली. बाई सहज निवडून आल्या. सांगलीत एव्हाना गुलाल उधळला असता. इथे लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निघायला लागले. तेवढ्यात आमदारांनी हात वर केला. दोन शब्द बोलायचे होते.

ते इंग्रजीत बोलत होते, मी जर्मनमध्ये सांगत होते. त्यांनी बाईंचं अभिनंदन केलं, मतदारांचे आभार मानले. मग म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मला निवडून दिलंत. तुमच्या स्वयंपाकघरांत बसून मी चहा प्यालो. या वेळी तुम्ही नको म्हणालात, तो तुमचा हक्क. माझ्या मनात राग नाही."

मी थांबले. या इमारतीत त्यांना कुणी कधी निवडून दिलं नव्हतं.

त्यांची बायको माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "तिकडे पडला तेव्हा हे बोललाच नाही. मागच्या दारानं निघून आला."

लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी एकेक वाक्य जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं, आणि ते संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.