काचेवरचा डावा पाय

आर्णीच्या बाजारात देवाने चालती-बोलती केलेली माणसं जेवढी असतील, त्याहून जास्त माझ्या साडभाऊने भिंतींवर रंगवून उभी केली आहेत, आणि स्वतःच्या कामावर तो देवापेक्षा जास्त खूश असतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंदा पेंटरचा. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती. त्याने काढलेला वाघ पाहून शेळ्या जवळ येतील. पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, मिशी सगळ्यांना एकच. "तुह्या सगळ्या पुढाऱ्यांचं तोंड सारखंच काहून रे?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणतो, "निवडून आल्यावर तुमाले काही फरक दिसते काय, साडभाऊ?"

पण अक्षर! अक्षरापुढे त्याला बाप दिसत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात येऊन उभा, आणि हा शिडी लावून वर. का, तर 'शुभविवाह'मधला एक काना तिरपा दिसत होता. खाली वाजंत्री थांबली, वरमाय घामाघूम, मी दात-ओठ खातो आहे, आणि हा वरून मलाच सांगतो, "लगन एक दिवसाचं हाय, फोटोत हा काना जलमभर तिरपा दिसन!" हॉटेलात गेला की चहाआधी भाव लिहिलेली पाटी वाचतो आणि पाटी वाईट असली तर चहा वाईट म्हणून अर्धा टाकून उठतो. मी चौथी शिकलेला माणूस, मला सगळी अक्षरं सारखीच दिसतात. तसं म्हटलं की तो माझ्याकडे असा पाहायचा, जशी आमची ही मीठ विसरलेल्या सुनेकडे पाहते.

मग फ्लेक्सची मशीन आली. ज्या वर्षांत कापसाने आमच्या जिल्ह्याचं तोंड काळं केलं, त्याच वर्षांत फ्लेक्सने याचं केलं. त्या वेळी आमच्याकडे पीक एकच जोरात होतं, कॅमेऱ्याचं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी दिल्लीचे यायचे, मुंबईचे यायचे. कापसाच्या पऱ्हाटीत उभं करून म्हाताऱ्यांना सांगायचे, जरा खाली पाहा, जरा उदास व्हा. मलाही एकाने सांगितलं. मी त्याला म्हटलं, माझं तोंड माझं आहे, मला पाहिजे तसं ठेवीन. तो दुसरा म्हातारा शोधायला गेला. हे ऐकून साडभाऊ माझ्या घरी आला, खाटेवर बसला आणि म्हणाला, "सगळे इथं येऊन मेलेल्याइचे फोटो नेऊन राह्यले. मी जित्त्या माणसाचा पिच्चर काढतो. हलत्या चित्रांचा. तुमी जित्ते हा ना?"

मी सांगितलं, सकाळपर्यंत तरी होतो.

पिच्चर माझ्या फुटबॉलवर. हसू नका. जवानीत मी कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला होतो आणि पावसाळ्यात कापूस नसला की जिनाचं आवार आमचं मैदान. आमची टीम अनवाणी, चेंडू शिवून शिवून चांभाराचा झालेला, पण उमरखेडची बूटवाली टीम आमच्या आवारात आली आणि माझ्या डाव्या पायाने मारलेल्या एका गोलने हरून गेली. मी डावखोरा. तो गोल साडभाऊने पाहिलेला नाही, पण माझ्याकडून इतक्या वेळा ऐकला की घरात मी सुरू केलं की पुढचं तोच सांगतो. त्या जिल्ह्यात कोणाचा उजवा पाय कसा होता मला माहीत नाही, डावा माझाच.

त्याची काम करायची तऱ्हा ऐका. डॉक्टर-वकिलांच्या काचेच्या पाट्या त्याने जन्मभर रंगवल्या. त्या मागच्या बाजूने रंगवतात, म्हणजे पुसताना रंग जात नाही, आणि पुढून वाचता यावं म्हणून अक्षरं उलटी काढतात. तर याने एक मोठी काच उभी केली, तिच्यावर मागून जिनाची भिंत काढली, भिंतीवर आमच्या गावाचं आणि टीमचं नाव तीन रंगांत, सावलीसकट. ती भिंत पक्की, पण काचेच्या वरच्या अर्ध्यातच; खालचा अर्धा माणसासाठी कोरा. मग माणूस आणि चेंडू काढायचा, पुढून फोटो, मग घासलेटाच्या फडक्याने माणूस पुसायचा आणि पाय जरा पुढे सरकवून पुन्हा काढायचा. फोटोला लग्नाचं शूटिंग करणारा एक गडी होता, पोट असं की कॅमेरा त्यावरच टेकवायचा. आणि पाय कसा सरकतो हे दाखवायला समोर मी, या वयात, एका पायावर. "अजून वर घ्या, साडभाऊ!" "अबे, कमर राह्यली पायजे!" "कमर चित्रात येत नाई, पाय येते!" असा अख्खा उन्हाळा गेला.

पिच्चर पहिल्यांदा पाहिला तो शूटिंगवाल्याच्या दुकानात. माझी मिशी पुढाऱ्यांचीच होती, ती मी चालवून घेतली. पळत होतो झकास. चेंडू आला, पाय उठला, गोल झाला. उजव्या पायाने.

मी म्हटलं, "हे कोण होय?"

"तुमी."

"मी नोहे. हा उमरखेडचा कोणीतरी दिसते."

साडभाऊला काच आठवली आणि त्याने डोक्याला हात लावला. अक्षरं उलटी काढायची त्याच्या हाताला सवय. माणूस उलटा काढायची सवय कोठून असणार? मागून पाहत त्याने डावा पाय काढला, पुढून तो उजवा झाला. पण शूटिंगवाला मोठा हुशार. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका, बटन दाबलं की सगळं पलटते." त्याने दाबलं. माझा पाय डावा झाला आणि भिंतीवरचं गावाचं नाव उलटं झालं.

आता साडभाऊ उभा राहिला. "माह्यं अक्षर उलटं दिसणार नाई."

"अन् माहा पाय?"

"पाय पायच असते. अक्षर अक्षर असते."

"मंग दुसरं काढ."

"काचीवरचं सारं पुसलं ना! पुन्हा एक उन्हाळा पायजे, अन् तुमची कमर पायजे."

शूटिंगवाल्याला चित्रातला एकटा माणूस पलटवता येत नव्हता, त्याची लग्नसराई तोंडावर होती. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. निरोप बहिणी-बहिणी पोचवायच्या. त्याचा निरोप, पाटी उलटी लावली तर पेंटर गावात कोणत्या तोंडाने फिरणार. माझा निरोप, उजव्या पायाचा पिच्चर लावला तर मी जिनात पाय ठेवणार नाही, डावा तर नाहीच.

पिच्चर दाखवायचा होता जिनाच्या गोदामात. त्या वर्षी तिथे ठेवायला कापूसच नव्हता. दुपारी टिनाची दारं ओढून अंधार केला आणि गाव आत बसलं. मी गेलो तो भांडायच्या तयारीने, अगदी पुढे बसलो. भिंतीवर चित्र आलं आणि पहिल्यांदा दिसलं ते गावाचं नाव, उलटं. साडभाऊने मला न विचारता, न सांगता बटन दाबायला लावलं होतं.

गोदाम हसलं. "अबे पेंटर, आरसा घेऊन यावं लागते काय?" "फ्लेक्सवाल्याले दिलं असतं तर सरळ तरी आलं असतं!" मागून कोणीतरी वाचायचा प्रयत्न केला, तर आणखी हसले. साडभाऊ शेजारीच होता. ज्याने एका कान्यासाठी नवरदेव उभा ठेवला तो माणूस मांडीवर हात ठेवून ते उलटं नाव पाहत होता. भिंतीवर माझा डावा पाय उठला, गोल झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. नखांत अजून रंग होता.

मी उठून शूटिंगवाल्याला ओरडलो, "ए, थांबव. दाब ते बटन, अन् पयल्यापासून लाव."

साडभाऊने माझं धोतर ओढलं. "राहू द्या ना, साडभाऊ. पाय बराबर हाय."

"गप बस. पायाले कोण पायते? गावाचं नाव वाचता आलं पायजे." मग मी गोदामाकडे वळून सांगितलं, "मशीनची गलती होती. पेंटरची नाई."

दुसऱ्यांदा नाव सरळ आलं. पोरंसोरं मोठ्याने वाचू लागली आणि अंधारात साडभाऊचे ओठही त्यांच्याबरोबर हलत होते. गोल कधी झाला, त्याने पाहिलंच नाही. मीही नाही.

तो पिच्चर अजून लग्नाकार्यात कोणी ना कोणी लावतं. उमरखेडकडचा एखादा म्हातारा मग मला विचारतो, "काहून गा, तू तर डावखोरा होता ना?" मी सांगतो, दोन्ही पायांनी खेळायचो. उजव्याने जरा जास्तच.