एकच प्रत

कसबा बावड्याचा सम्मेद चौगुले म्हणजे मुंगी दिसली तरी पाय आखडून घेणारा जैन माणूस. दिवस मावळल्यावर तोंडात घास नाही आणि शिवी तर जन्मात नाही. कोल्हापुरात राहून शिवी नाही, म्हणजे बघा! हाच सम्मेद परवा एका माणसाचा डोळा फोडून बसला.

नोकरी संशोधन ग्रंथालयात. राज्यातल्या चाळीस ग्रंथालयांनी मिळून इंटरनेटवर एक सूची केली; कुठलं पुस्तक कुठं आहे ते कुणालाही मोबाइलवर दिसावं म्हणून. आपल्याकडची अकरा हजार पुस्तकं सम्मेदनं एकट्यानं त्यात चढवली. नाव, साल, पानं, उंची. त्यात एक पिवळं पडलेलं चोपडं निघालं, नदीकाठच्या एका गावाच्या यात्रेतल्या मानपानाची हकीकत. चाळीस ग्रंथालयांत दुसरीकडं कुठंच नाही! त्या दिवशी गड्यानं ऑफिसात पेढे वाटले.

ती नोंद त्याच गावच्या सयाजीनं मोबाइलवर बघितली, आणि तिथंच माशी शिंकली. पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरनं त्याच्या भावकीत तीन वर्षं डोकी फुटत होती. तीन चुलतभाऊ घेऊन तो ग्रंथालयात आला.

"पावणं, ते यात्रेचं पुस्तक बघायचं हाय की."

आपली सूची बघून कुणीतरी आलं, याचाच सम्मेदला कोण आनंद! त्यानं पुस्तक पुढं ठेवलं. सयाजी पानं उलटत गेला, एका पानावर थांबला, लालबुंद झाला आणि ते पान त्यानं मुठीत धरलं.

"अहो, राज्यात एकच प्रत हाय ही!" सम्मेद ओरडला.

"एकच हाय? मग तर फाडायलाच पायजे!"

सम्मेदनं टेबलावरचा पितळी पेपरवेट उचलला आणि हाणला. एकदा नव्हे, तीनदा. तिसरा घाव डोळ्यावर बसला. सयाजी गुरासारखा ओरडत कोसळला. मग चुलतभावांनी सम्मेदला लाथांनी तुडवला. दोन बरगड्या मोडल्या, पुढचे दात घशात गेले. पुस्तक पोटाखाली दाबून तो पालथा पडून राहिला, आणि तोंडातनं शिव्या, काय शिव्या! पोलीस आले तेव्हाही तो पुस्तक सोडेना.

दोघांनाही सरकारी दवाखान्यात टाकलं. तिसऱ्या दिवशी सयाजीची आई, बायडाबाई, सम्मेदच्या खाटेपाशी आली. म्हातारी आता चप्पल काढणार, म्हणून त्यानं मान खाली घातली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"भांडाय आलो न्हाय मी," ती म्हणाली. "लेकाचा डोळा गेला. त्यो काय बोलंना. तू तर त्या पुस्तकापायी जीव द्याय निघालतास, तूच सांग. काय लिवलंय त्यात? पयला खांदा कुणाचा?"

नोंद सम्मेदनं केली होती, पेढे वाटले होते, माणसाचा डोळा फोडला होता.

"ठावं न्हाय, मावशी," तो म्हणाला. "मी वाचलं न्हाय ते."