माझ्या नावाचा शिक्का

माझ्या नावाचा शिक्का मागायला मी दुसऱ्याच्या दारात उभी होते. सकाळचे दहा वाजले असतील. मागे सगुणाबाई, डोक्यावर पदर, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. दार भाऊच्या, म्हणजे वॉर्डाच्या जुन्या मेंबरच्या, बायकोनं उघडलं. तिनं आधी मला पाहिलं, मग सगुणाबाईला, मग आमच्या पायांकडे.

"जेवून राहिले ते. तिकडं चपलांपाशी बसा."

व्हरांड्यात तीन खुर्च्या होत्या. तिन्ही रिकाम्या. आम्ही चपलांपाशी बसलो. मी भंडारा नगरपरिषदेची मेंबर, लोकांनी मतं देऊन निवडलेली, आणि मी निमूट बसले. आज लिहितानाही कान तापतात. तिनं बसवलं याचा राग आहेच, पण मी बसले याचा जास्त आहे.

सगुणाबाई माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून एकटी. निराधार योजनेच्या अर्जाला तिला रहिवासी दाखला हवा होता. असा दाखला मेंबरच्या लेटरपॅडवर मिळतो, खाली सही आणि सहीवर गोल शिक्का. मेंबर मी. पण लेटरपॅड आणि शिक्का भाऊच्या घरी, त्याच्या टेबलाच्या खणात. वॉर्डातल्या बाया दाखल्यासाठी माझं दार ओलांडून त्याच्याकडे जायच्या. मला ते दिसायचं. मी बिड्या वळत बसायचे.

भाऊ अर्ध्या तासानं आला, टॉवेलनं हात पुसत. खुर्चीत बसा म्हणाला नाही. सगुणाबाईनं पिशवी पुढे केली, तर तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलला.

"इलेक्शनात हिच्या घरावर झेंडा कोणाचा होता, विसरली काय तू? दाखला त्याइलेच मांग म्हणा."

मी म्हटलं, भाऊ, शिक्का तेवढा माझ्याकडे द्या, मी बघते काय ते. तो चिडलासुद्धा नाही. हसला.

"तुले कायले पायजे शिक्का? हरवून टाकशीन."

आम्ही निघालो. चौकात सगुणाबाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "मले वाटे, तू आमची मेंबर हायस." चिडून नाही म्हणाली. भाजी महाग झाली म्हणावं तशी म्हणाली. म्हणूनच ते मनातून जाईना.

माझा जन्म इथलाच. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून वस्ती तीच, गल्ली तीच. या गावाचं राजकारण मी उंबरठ्यावरून पाहत आले. गोंदिया वेगळा झाला तेव्हा पानठेल्यावर लोक म्हणत होते, आता जिल्हा लहान झाला, साहेबांचं आपल्याकडे लक्ष जाईल. जिल्हा अर्धा झाला, आमची नाली होती तेवढीच तुंबलेली राहिली. कारध्याच्या पुलावर उभं राहिलं तर वैनगंगेचं पाणी नजरेत मावत नाही. आमच्या नळाला एक दिवसाआड येतं ते पिवळं, वास मारणारं. निवडणूक आली की त्याच नळाचे फोटो काढायला लोक येतात. मीही एकदा त्या फोटोत हसत उभी होते.

भाऊ मोठ्या घरचा. आमच्या वॉर्डातून तीनदा मेंबर झालेला. मग सोडतीत वॉर्ड आमच्या समाजाच्या बायकांसाठी राखीव निघाला. आठवड्याभरात भाऊ आमच्या गल्लीत. माझा नवरा तुमसरच्या राइस मिलमध्ये, रविवारी घरी यायचा. त्या रविवारी भाऊ आमच्या खाटेवर बसला, चहा प्यायला, म्हणाला, तिकीट तुमच्या घरात देतो. मला वाटलं, नववीपर्यंत शिकलेली आहे, नळावर भांडण झालं तर मीच मिटवते, ते याच्या कानावर गेलं असेल. पुढे त्यानंच एका मित्राला माझ्यासमोर सांगितलं की गरीब गाय शोधली. मित्र हसला. मीही हसले.

निकाल लागला त्या दुपारची गोष्ट. केसात गुलाल, गळ्यात झेंडूचे हार. भाऊनं छापखान्यातून आणलेलं कोरं लेटरपॅड पुढ्यात ठेवलं. वर माझं नाव छापलेलं, नावाखाली 'नगरसेविका'. नुसतं माझंच नाव छापलेला कागद मी पहिल्यांदाच पाहत होते. लग्नपत्रिकेतही नुसतं 'चि. सौ. कां.' आणि घरचं नाव होतं.

"सगळ्याइवर सही करून ठेव," भाऊ म्हणाला. "घाईच्या कामाले बरं पडते."

मी केली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकेका पानावर, जीभ दातात धरून, सुंदर अक्षरात. कोणी मनगट धरलं नव्हतं. आनंदानं केली. माझ्या हातानं मी माझी जीभ कापून त्याच्या खणात ठेवली, आणि वर पेढा खाल्ला.

दोन वर्षं अशीच गेली. नालीचं भूमिपूजन असलं की नारळ भाऊ फोडणार, मी ताट धरणार. मी बौद्ध, पूजा करत नाही, पण ताट धरायचे. बॅनरवर त्याचा फोटो दाराएवढा, माझा तिकिटाएवढा. सभेत आम्ही बाया मागच्या रांगेत. कोणाचा नवरा, कोणाचा दीर बाहेरच्या बाकांवर बसून आतल्या विषयांचे निर्णय घ्यायचे. भाऊ दारात खुर्ची टाकून बसायचा. त्यानं कानाला हात लावला की मी हात वर करायचा, असं ठरलेलं. मी करायचे. चहा यायचा, सोबत दोन बिस्किटं. घरी येऊन मी शेजारणींना सांगायचे, आज सभा होती.

सगुणाबाईला घेऊन भाऊकडे गेले, त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा सभा लागली. सहावा विषय आमच्या वस्तीचा. विहाराला लागून मोकळं मैदान आहे. आमची लग्नं तिथं लागतात. जयंतीचा मंडप तिथं. मयतीला बाहेरगावची माणसं आली की सतरंज्या तिथं पडतात, कारण आमच्या घरांत दहा माणसं बसत नाहीत. त्या मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचे होते. लिपिकानं एका सुरात वाचलं, "सदर प्रभागाच्या नगरसेविकांचं ना हरकत पत्र प्राप्त आहे. वस्तीतील नागरिकांचा यास पाठिंबा असल्याचं त्यांनी कळवलं आहे."

मी असं पत्र पाहिलंच नव्हतं. कागद दाखवा म्हटलं. लिपिकानं अध्यक्षांकडे पाहिलं, मग आणून दिला. वर माझं नाव. खाली माझी सही, सुंदर, वळणदार, गुलालाच्या दिवशीची. सहीवर माझा शिक्का. मधे टाइप केलेल्या आठ ओळींत माझी सगळी वस्ती विकलेली.

दारातून भाऊनं कानाला हात लावला.

मी उठून उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, "सही माझी आहे. मजकूर माझा नाही."

समोरच्या रांगेतला एक मेंबर मागं वळला. "म्हणजे न वाचताच सही केली का बाई? वाचता येते ना?"

सगळे हसले. शेजारची मेंबरबाईसुद्धा, पदर तोंडाला लावून. मी खाली बसले असते तर ते तिथंच संपलं असतं. खोटं बोलले असते, सही माझी नाहीच म्हटलं असतं, तर इज्जतही वाचली असती. भाऊच्या व्हरांड्यातल्या तीन रिकाम्या खुर्च्या डोळ्यांपुढे आल्या.

"वाचता येते," मी म्हटलं. "कागद कोरा होता. पूर्ण पॅडवर सह्या करून दिल्या मी, भाऊले. चूक माझी हाय. मैदान माझं नाही, वस्तीचं हाय. माझी हरकत लिहून घ्या."

हसणं थांबलं. कोऱ्या कागदांवर सह्या त्या सभागृहात कितीजणींनी दिल्या असतील, ते प्रत्येकीला ठाऊक होतं. शेजारच्या बाईनं तोंडावरचा पदर काढला आणि खाली बघत राहिली. अध्यक्षांनी घाम पुसला, सहावा विषय पुढच्या सभेवर ढकलला. दारातली खुर्ची रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी नगरपरिषदेत अर्ज दिला. जुन्या सहीच्या कोणत्याही पत्रावर मला विचारल्याशिवाय कारवाई करू नये, आजपासून माझी सही ही. खाली नवी सही केली. वाकडी आली, कारण सवय नव्हती. चौकातल्या दुकानातून नवा शिक्का, नवं लेटरपॅड करून घेतलं. पहिला दाखला सगुणाबाईला दिला, माझ्या खाटेवर बसवून.

सगळं नीट झालं, असं मी लिहिणार नाही. गल्लीत निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, भाऊशी वाकडं घेतलं, आता रस्ता होत नाही, लाइट लागत नाही, हिच्या तोऱ्यापायी आमचं नुकसान. नळाच्या रांगेत मी आले की बाया पाठ फिरवतात. नवरा म्हणाला, गप्प राहिली असती तं काय बिघडत होतं? पुढचं तिकीट मला मिळणार नाही, हे भाऊच्या माणसानं घरी येऊन सांगितलं. मैदानाचा विषय कधीही पुन्हा येईल.

आणि माझ्या सह्या अजून त्याच्या खणात आहेत. किती पानं उरली, मला माहीत नाही. पॅडवर पन्नास होती. एकेक कागद बाहेर निघेल, कोणाची जागा, कोणाचं घर, कोणाचा नळ त्यावर लिहिलेला असेल आणि खाली माझं सुंदर अक्षर. निघू द्या. प्रत्येक कागदामागे मी जाईन. मेंबर असेन तर आतून, नसेन तर बाहेरच्या बाकावरून उठून. दर वेळी तेच सांगेन, लोक हसले तरी सांगेन. कागद कोरा होता, सही मी केली, आणि ती परत घ्यायला मी आले आहे.