नांगराच्या लाकडाची रायफल

मिरजेहून निघताना बायकोनं डबा हातात दिला आणि विचारलं, "तंबोरे पुरे झाले वाटतं? आता बंदुका करणार?"

"लाकूड ते लाकूडच," मी ऐटीत म्हणालो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात. त्याच्याही आधी पूर्वज तलवारींना धार लावायचे असं सांगतात, तेव्हा हत्यार अगदीच परकं नव्हतं. निरोप आणला होता शेजारच्या गल्लीतल्या सुनंदाच्या वडिलांनी. सुनंदा आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर, परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या पलीकडे दिलेली. लग्नातला तिचा तंबोरा माझ्याच हातचा. तिच्या सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे, ऑस्ट्रियात घडलेली जुनी रायफल होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत गावोगावच्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या होत्या. वातावरण निवळल्यावर त्या परत मिळाल्या खऱ्या, पण तोवर आबांच्या रायफलीचा दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) वाळवीनं फस्त केला होता. लोखंड शाबूत, लाकडाचा भुगा! तिकडं दस्ता करणारा कोणी सापडेना, तेव्हा सुनंदा सासरी छातीठोकपणे म्हणाली, "माझ्या माहेरचा माणूस करील." आता माहेरची अब्रू म्हटल्यावर मी घरी बसतो होय?

मिरजेहून छोट्या रुळांच्या गाडीनं लातूर. ती गाडी इतक्या निवांतपणे जाते की शेजारचा गृहस्थ उतरून विडी पेटवून परत चढला. लातूरहून एसटीनं परभणी, आणि परभणीहून जिंतूरच्या गाडीत मी अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. वाटेत झरी गाव आलं, अर्धी गाडी उतरली, पाऊण गाडी चढली. माझ्याजवळ एक शेळी आणि तिचा मालक, असे दोघं आले. शेळीनं आल्या आल्या माझ्या पिशवीचा बंद चावायला घेतला.

"पावनं, काय इकायलात?" मालकानं विचारलं.

"विकत नाही. बंदूक करायला चाललोय."

झालं! सगळी गाडी चिडीचूप. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. पुढच्या बाकावरच्या बाईनं पदर सावरून खिडकीकडे तोंड केलं. शेळीवाला मात्र मोठ्यानं हसला.

"आबा मालकाची का? आरं, हे तर मिरजेचे सतारवाले! येऊ द्या, येऊ द्या. आमी वाटच बगायलोत." त्याचं नाव खंडू, शेळ्या-मेंढ्या राखून थोडं रान कसणारा, आबांच्याच गावचा. "डुक्कर लय माजलंय बगा. धरणाच्या झाडोऱ्यातून निगतंय अन् जवारी लोळवून जातंय. मालक उटले की बरं." मग गाडीभर माझी ओळख करून देण्याचं काम त्यानं आपणहून पत्करलं. मी गावात पोचण्याआधीच माझी कीर्ती पोचली.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. येलदरीच्या धरणाकडचं एक गाव, एवढं पुरे. काळीभोर जमीन, कणसात भरलेली ज्वारी, आणि लांबवर पाण्याची चमकती रेघ. आबा ओसरीवर उभे होते: ताठ, पांढऱ्या मिशा, पायात करकरीत जोडा. "लय तकलीफ दिली तुमाला," म्हणत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. माणूस मला पाहताक्षणी आवडला.

रायफल चादरीत गुंडाळलेली होती. नळी पाहिली आणि मनातल्या मनात दाद दिली. काय काम होतं! पण काडतूस भलतंच: साडेनऊ मिलिमीटर. आबांनी पानाचा डबा उघडून दाखवला, तर आत कातचुन्याऐवजी चार काडतुसं. जगात आबांसाठी तेवढीच उरली होती. मुंबईच्या दुकानदारानं हात जोडले होते. जिथं ती व्हायची तिथंही आता होत नाहीत म्हणे.

"चारात काय करणार, आबा?"

"हवेत बार काडून डुक्कर भीत न्हाई आता. एक मोठं पडलं की कळप साल-दोन साल फिरकत न्हाई. म्हणून चार लय झाले. फकस्त नेम चुकून चालत न्हाई."

शेतराखणीचा रीतसर परवाना होता त्यांच्याकडे. पण रायफल मोडकी परत आल्यामुळे तहसीलचे साहेब स्वतः येऊन ती चालवलेली बघणार होते. चालली तर परवाना पुढे, नाही तर रायफल कायमची सरकारजमा. आबांचा मुलगा वसंतराव हळूच मला म्हणाला, "मिस्त्री, जमलं तर बगा. म्हातारं हाय खाऊन बसलंय हिच्याबिगर."

संध्याकाळी पंगत बसली. ज्वारीची गरम भाकरी, येसरची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसाला-पिठाची), ठेचा, आणि धरणातली तळलेली मासळी. मी तर तुटूनच पडलो. तेवढ्यात आबांच्या ताटाकडे लक्ष गेलं. भाजी डावीकडे, आमटीची वाटी डावीकडे, मासळी डावीकडे, सगळं चटणीच्या अंगावर दाटीवाटीनं, आणि उजवी बाजू रिकामी! ताटाच्या बाबतीत मी भलता चिकित्सक.

"अगं सुनंदा, मिरजेची ना तू? भाजी-आमटी उजवीकडे वाढतात हे विसरलीस की काय?"

"इकडची पद्धत आहे, काका," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकून आत गेली. माझं ताट मात्र नीट वाढलेलं होतं. पाहुण्याला सूट असेल, असं समजून मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी आबांनी कोठीतून शिसवीचा ठोकळा काढून दिला. काय सांगू! वर्षानुवर्षं वाळलेला, काळपट तांबूस, रेषा अशा की हात फिरवत बसावं. ह्याचा दस्ता केला तर मिरजेत फोटो लावीन, असं मनाशी ठरवलं. आधी मापासाठी हलक्या लाकडाचा कच्चा दस्ता कोरला आणि आबांना म्हणालो, "घ्या खांद्याला."

त्यांनी घेतला, पण मान अशी वाकडी केली की गाल लाकडावरून पार पलीकडे गेला.

"मान सरळ, आबा."

सरळ केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी जरा चिडूनच बोललो, "अहो, खांद्याला लावताय की उशी घेताय?"

"मिस्त्री," ते म्हणाले, "दार लावा."

मी दार लावलं.

"उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई मला. दोन सालं झाली. लग्नाला जातो म्हणून नांदेडला डॉक्टरकडं गेलतो. आतला पडदा गेला म्हणाले. वरून डोळा धडधाकट, म्हणून कुणाला कळत न्हाई."

"मग डाव्या खांद्यावर घ्या."

"तो बैलानं मोडलेला हाय. हात टेकू द्यायला चालतो, धक्का सोसत न्हाई." मग त्यांचा आवाज खाली आला. "घरात कुणाला ठावं न्हाई. सायबाला कळलं तर रायफल गेली. ती जाऊ द्या हो. पर पीक डुकरात गेलं की लोक माज्या दारात येतात. 'चला मालक,' म्हणतात. ज्या दिशी यायचे बंद होतील, त्या दिशी मी म्हातारा झालो बगा."

मी कच्चा दस्ता पुन्हा हातात घेतला. उजवा खांदा आणि डावा डोळा! मग दस्ताच वाकवायचा. मागचं टोक उजव्या खांद्याला, आणि नळी मात्र डाव्या डोळ्यासमोर. पण शिसवीच्या सरळ ठोकळ्यातून तसा बाक काढला, तर लाकडाचे धागे आडवे कापले जाणार आणि पहिल्याच बाराला तुकडा पडणार. लाकूड झाडावरच वाकलेलं हवं.

ते सापडलं गोठ्यात. इकडे नांगरासाठी बाभळीची नैसर्गिक बाकाची खोडं हेरून ठेवतात, आणि आढ्याला तशी तीन-चार टांगलेली होती. एकाचा बाक मला हवा तस्सा.

"हे घेतो," मी वसंतरावांना म्हणालो.

"नांगराचं लाकूड? बंदुकीला? अन् ते शिसव?"

"ते ठेवा. पाट करा त्याचा." हे म्हणताना जीव किती तुटला, ते माझं मलाच माहीत.

त्या दिवसापासून माझी शोभा सुरू झाली. बाभूळ म्हणजे लोखंडाची बहीण, अवजारं बोथट झाली, आणि बघ्यांना फुकटचा तमाशा मिळाला. कामून (का म्हणून) वाकडं करायलात, असं जो तो विचारी. खंडू रोज शेळ्या घेऊन मुद्दाम दारावरून जायचा. "मिस्त्री, औत कवा जुपायचं?" वसंतराव डोक्याला हात लावून बसले. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली कोण? आमची सुनंदा! शेजारणींसमोर म्हणाली, "काका, तारा तरी बसवा ह्याला, भैरवीला उपयोगी पडेल." मला असा राग आला म्हणता! माहेरचा माणूस म्हणून हिनंच बोलावलं, आणि हीच दात काढतेय. ओठांवर आलेलं सगळं गिळून मी पटाशी चालवत राहिलो.

दस्त्याला तेल पाजलं आणि ते मुरेपर्यंत चारठाण्याला जाऊन आलो. जुन्या देवळांचे दगडी खांब तिथं असे गोल, असे गुळगुळीत आहेत की चरकावर, म्हणजे लेथवर, कातलेत वाटावं. मी एकेका खांबाला हात लावून पाहिला. पुजाऱ्यानं विचारलं, "नवस हाय का?" म्हणालो, "आहे. एक वाकडी वस्तू सरळ लागू दे."

साहेब आले त्या सकाळी गायरानावर अख्खं गाव जमलं. समोर उतारावर एका दगडावर मडकं ठेवलं. साहेबांनी रायफल हातात घेतली, वरून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे हो?"

मी तोंड उघडायच्या आत आबाच पुढे झाले. "मिस्त्री गाण्याबजावण्यातले हायेत, सायब. लाकडाला जरा मुरकी पडली. घेतो मी संबाळून."

लोक खो खो हसले. मी खाली मान घातली. अहो, तीस वर्षांत ज्या हाताला एकाही गवयानं नाव ठेवलं नाही, त्या हाताची ही किंमत! पण आबांनी रायफल खांद्याला लावली, आणि मी मान वर केली. मान ताठ होती. गाल दस्त्यावर अलगद टेकला. आणि माशी (नळीच्या टोकाची नेमाची खूण) बरोबर डाव्या डोळ्यासमोर आली. हे फक्त मला दिसत होतं, कारण काय बघायचं ते मला एकट्याला ठाऊक होतं.

बार झाला. मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. शेळ्या चौखूर पळाल्या आणि त्यांच्यामागे खंडूही, ओरडत: "आबाबा! असल्या वाकड्या बंदुकीनं! मालक त्ये मालक!"

सगळं गाव आबांभोवती गोळा झालं. साहेबांनी परवान्यावर सही केली आणि जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, तुम्ही सतारीच करा." उत्तर अगदी जिभेच्या टोकाशी आलं होतं. गर्दीतून आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "होय साहेब."

निघताना आबांनी खांद्यावर शाल घातली. माझा हात धरून उभे राहिले, आणि मी भरून पावलो. थांब्यापर्यंत सुनंदा शिदोरी घेऊन आली. मी फुगलेलोच होतो. गाडी दिसेपर्यंत रस्त्याकडेच बघत राहिलो.

गाडीत चढलो, खिडकीशी बसलो. शिदोरी आत देताना ती म्हणाली, "काका, ताटाची ती पद्धत इकडची नाही हं."

"म्हणजे?"

"उजवीकडची वाटी मामंजींच्या हातून सांडायची. दोन वर्षं झाली, सगळं डावीकडेच वाढते. त्यांना वाटतं, मला काही ठाऊक नाही." तिचे डोळे भरले होते, आणि ती हसतही होती. "मी अशी हसले नसते, तर दस्ता वाकडा का, ते लोक शोधत बसले असते, काका. रागावू नका."

गाडी सुटली. मी वेड्यासारखा खिडकीतून हात हलवत राहिलो. जिंतूर गेलं, झरी गेली, हुरड्याचा धूर रानारानांतून वर जात होता, आणि मी मांडीवरची शिदोरी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

घरी पोचलो तर बायको दारातच. "कसा झाला दस्ता?"

"वाकडा झाला," मी म्हणालो.

मिरजेत पुढे कित्येक वर्षं त्यावरून माझी टर उडवली गेली, आणि मी ती मजेत सोसली. आबा आता नाहीत, म्हणून हे लिहिलं. सुनंदानं मागेच कळवलं होतं, शेवटपर्यंत लोक पहाटे दारात यायचे.