आधी प्लीज

मी पाचवीत इंग्रजी शाळेत गेले आणि त्याच आठवड्यात आमच्या घरात मराठीवर बंदी आली. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. पुण्याहून आलेल्या एका साहेबापुढं इंग्रजीत बोलताना त्यांची त-त-प-प झाली होती आणि तो राग त्यांना कुणावर तरी काढायचा होता. वर्कशॉपमधली माणसं उलटून बोलली असती. म्हणून मग आम्ही दोघी, आई आणि मी.

नियम सोपा होता. घरात कुणाला काही सांगायचं तर इंग्रजीत सांगायचं आणि सुरुवात 'प्लीज'नं करायची. प्लीज क्लोज द डोअर. प्लीज ब्रिंग द टॉवेल. 'प्लीज' विसरलं की कानाखाली बसायची, मराठीत बोललं की पट्टा. वडील स्वतः शिव्या मात्र मराठीतच द्यायचे, कारण इंग्रजीत त्यांना तेवढ्या येत नव्हत्या. मला त्यांची भयंकर चीड यायची. ती अजून पुरती गेलेली नाही.

आई सीमेकडच्या गावची, सातवी शिकलेली. कन्नड आणि मराठी दोन्ही फाडफाड बोलणारी बाई, पण या नियमानं तिची बोलतीच बंद झाली. दुपारी भाकरी थापताना ती माझ्याकडून वाक्यं घोकून घ्यायची. एकदा जेवताना ती नुसतंच "गिव्ह मी सॉल्ट" म्हणाली, तर वडिलांनी अशी थोबाडीत दिली की तिचा ओठ फुटला. पदरानं रक्त पुसून ती म्हणाली, "प्लीज गिव्ह मी सॉल्ट." मी मीठ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी मला परसदारात उभं केलं. दिवा बंद करायला कसं सांगायचं, ते विचारत होते. मला येत होतं, पण त्यांच्या हातातला पट्टा बघून तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात परसातल्या बंबातून कढत पाणी काढून आई बादली घेऊन माझ्या पाठीमागं आली. तिला नुसतं "सरक" म्हणायचं होतं. मी झटकन बाजूला झाले असते.

"प्लीज..." ती म्हणाली आणि पुढचे शब्द शोधत थांबली.

त्याच क्षणी वडिलांचा हात माझ्या गालावर बसला आणि मी मागं बादलीवर कोसळले.

पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत आग झाली. मी किती ओरडले ते आठवत नाही. आईनं मला उचलून हौदाच्या गार पाण्यात बसवलं ते आठवतं. मग ती वळली, बंबाखालचं पेटतं लाकूड तिनं ओढून काढलं आणि वडिलांच्या खांद्यावर हाणलं. दुसरा दणका मनगटावर बसला, पट्टा गळून पडला. शर्ट जळाला, कातडं भाजल्याचा वास आला. वडील भिंतीला घासत खाली बसले. मला बरं वाटलं.

"अगं थांब की, मरतूय मी," ते म्हणाले.

आईनं लाकूड पुन्हा उगारलं. आजवर 'अहो'शिवाय तिनं त्यांना हाक मारली नव्हती.

"असं न्हाय. आधी प्लीज म्हण."

"प्लीज."

"फुडं?"

पुढचं वाक्य त्यांना सुचेना. त्यांनी हौदाकडं, माझ्याकडं बघितलं. मला ते येत होतं.

मी सांगितलं नाही.