निमियाची करंगळी

आमच्या ऑफिसात एका टेबलाखाली करड्या रंगाचा एक जुनाट कॉम्प्युटर होता. त्याच्यावर काकुपेच्या मारियामातेचं चित्र चिकटवलेलं, आणि त्याच्या दोन हातांच्या आत झाडू मारायला बंदी. ही बंदी न्या निमियाची; न्या म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई'. देशभरातले लसीकरणाचे दवाखाने आमच्या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यांना जो इन्स्टॉलर पाठवायचा तो याच डब्यावर तयार व्हायचा आणि तो तयार करणारी निमिया एकटी. आम्ही कोड लिहिणारे स्वतःला फार शहाणे समजतो, पण तिने हात लावल्याशिवाय आमचा कोड ऑफिसच्या दाराबाहेर पडत नसे.

ती मुळात टेलिफोनवर बसायची. डबा सांभाळणारा माणूस स्पेनला निघून गेला, तेव्हा सगळ्यात जवळ तीच बसली होती म्हणून त्याने सूचनांचा कागद तिच्या हातात कोंबला. एकतीस पायऱ्या. त्याला नऊ वर्षं झाली.

आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये येतो. त्याच्या लसी ईस्टरनंतर सुरू होतात, म्हणून मोठा इन्स्टॉलर नेमका पवित्र आठवड्यातल्या बुधवारी निघतो. आणि त्या बुधवारी अख्खं असुन्सिओन शहर रिकामं होऊन आपापल्या गावी चिपा, म्हणजे सणाच्या चीजच्या भाकऱ्या, करायला गेलेलं असतं. निमिया नऊ वर्षं गेली नाही. आईने फोनवर सांगितलेलं प्रमाण लिहून घेऊन ती घरीच चिपा करायची. कसाव्याचं पीठ, चीज, अंडी, चरबी, बडीशेप, सगळं मोजूनमापून. आणि व्हायचे दगड. गेल्या वर्षी माझ्या दाढेचं टोपण त्यातल्याच एकीने काढलं. आईचं म्हणणं ठरलेलं, "मी सगळं सांगितलंय पोरी. तूच काहीतरी गाळतेस."

न्या काएताना, म्हणजे ही आई, त्र्याऐंशीची. राहते युतीला, बसने सहा तासांवर. यंदा फेब्रुवारीत ती फोनवर म्हणाली, "यंदाचं पीठ मळीन. पुढच्या वर्षाचं धरू नकोस, खांदे संपले माझे."

झालं. क्लाउडचं नाव काढलं की जी बाई तीन वर्षं "वर कोण बसलंय माझं काम करायला?" म्हणून आम्हाला गप्प करायची, तीच साहेबांच्या मागे लागली, हे काम क्लाउडवर टाका. साहेब म्हणाले, ईस्टरआधी जमलं तर जा गावाला.

जमवायचं होतं देर्लिसला. आमचा सर्व्हरवाला, टकला, स्वभावाने गरीब. त्याने एकतीसच्या एकतीस पायऱ्या क्लाउडवर चढवल्या. काम तेविसाव्यापर्यंत सुरळीत जायचं आणि तिथे बसून राहायचं. चुकलं म्हणावं तर चुकीची एक ओळ नाही. दोन तास वाट बघून आपोआप बंद. असे तीन आठवडे गेले. मंगळवार उजाडला, निमियाची बॅग टेबलाजवळ होती आणि बस दुपारी तीनची.

"न्या निमिया," देर्लिस म्हणाला, "जुन्यावर एकदा करून दाखवा. मी नुसता बघतो."

"कागदावर सगळं आहे रे."

"कागद मला पाठ आहे. झोपेत बरळतो. बायको विचारते, ही तेवीस नंबर कोण?"

निमिया बसली. तेरेरे, म्हणजे आमचा गार पाल्याचा चहा, एकाच पेल्यातून सगळ्यांना द्यायचं काम माझं होतं. काम तेविसाव्या पायरीवर आलं तेव्हा मी गार पाणी घालून पेला तिला दिला, तिने नळीने ओढला आणि डाव्या हाताने परत केला, तेवढ्यात स्क्रीनवर काहीतरी लुकलुकून गेलं.

"थांबा," देर्लिस म्हणाला. "आत्ता काय केलंत?"

"काही नाही. इसासिओला पेला दिला."

"उजव्या हाताने काय केलंत?"

"उजवा रिकामा होता माझा."

मला विचारलं तर मीही तेच सांगितलं असतं. तिने पहिल्यापासून परत सुरुवात केली. चाळीस मिनिटांनी तेविसावी पायरी आली, तेव्हा देर्लिसचं नाक स्क्रीनला टेकलं होतं. एक इवलीशी खिडकी उघडली, जुन्या फाइलींवर नव्या टाकू का म्हणून, आणि आम्ही वाचेपर्यंत निमियाच्या करंगळीने एंटर दाबून ती मिटवलीसुद्धा.

"हे कागदावर नाही," देर्लिस म्हणाला.

"ते विचारतं, आपण हो म्हणायचं. त्यात लिहायचं काय?" असं म्हणता म्हणताच तिचा आवाज खाली आला. ती स्वतःच्या करंगळीकडे बघत राहिली. "मी शपथेवर नाही म्हटलं असतं रे."

क्लाउडवर तीच खिडकी उघडत होती आणि हो म्हणायला तिथे कुणी नव्हतं. देर्लिसने होकार आधीच देऊन ठेवणारी एक ओळ घातली. साडेबाराला इन्स्टॉलर तयार झाला, आम्ही तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून बघितला, साहेबांनी मान हलवली. मला इतकं हलकं वाटलं की जेवण सोडून मीच तिला बस स्थानकावर पोचवायला निघालो.

गाडीत ती म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यावाचून होणारच नाही. आणि बघ, खरंच होत नव्हतं." बाई मनातून खूश होती.

बुधवारी देर्लिसने एक बटण दाबलं आणि आम्ही तेरेरे पीत बसलो. काम झाल्यावर तिला निरोप धाडला. उत्तर चार तासांनी आलं. "हात पिठात होते."

सोमवारी ती फडक्यात बांधलेली टोपली घेऊन आली. मी खुर्ची मागे घेतली.

"घाबरू नकोस, घे."

"आईच्या हातच्या?"

ती सांगायला लागली. आई मळत होती आणि ही शेजारी उभी राहून आईच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. मळता मळता आईचा डावा हात मागे गेला, त्याने चीजच्या भांड्यात साठलेली निवळ, म्हणजे चीजचं सुटलेलं पाणी, पेलाभर उचलली आणि पिठात ओतली.

"आई, आत्ता काय घातलंस?"

"काही नाही."

"निवळ घातलीस."

"मग? ती काय फेकून द्यायची?"

"आणि मग मायलेकी हसत बसलो," निमिया म्हणाली. "म्हातारीला धाप लागली. भट्टी तापून वाट बघतेय, आणि आमचं आपलं हसणं चाललंय." तिने डोळे पुसले आणि टोपली माझ्यापुढे सरकवली. "या आईच्या नाहीत. काल परत आल्यावर मी घरी केल्या."

मी दाढेची बाजू सांभाळून एक तोडली. मऊ होती. मग दुसरी घेतली आणि दाढेखालीच घातली.