मिसरीचं कुणी विचारलंच नाही

माझ्या जाऊबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर कलला होता आणि त्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं होतं. चौसाळ्याच्या आमच्या किराणा दुकानात थोरले दीर गल्ल्यावर बसायचे, माल काढून द्यायला दिवसभर उभ्या असायच्या त्या. चप्पल नेमकी तिथंच घासायची. तेव्हा शाम्पूच्या पुड्या दुकानात नुकत्याच लटकायला लागल्या होत्या आणि बीडमध्ये नवनवे खासगी दवाखाने निघत होते. त्यातल्याच एका डॉक्टरनं सांगितलं, हाड कापून सरळ करू, दीड-दोन महिन्यांत जुळेल.

ऑपरेशनच्या आधी मी सोबत होते. डॉक्टरनं प्रत्येक प्रश्न दिरांना विचारला. साखर आहे का? आधीचा आजार? व्यसन?

"लिंगायत मानसं आमी. गळ्यात लिंग हाय, साहेब," दीर म्हणाले. "घरात कुनाला व्यसन न्हाई."

जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या, हिरड्यांना मिसरी लावून. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड त्या उठल्या उठल्या लावायच्या, जेवणानंतर लावायच्या, डोकं धरलं की पुन्हा लावायच्या. पण मिसरीला घरात कुणी व्यसन म्हणत नव्हतं. बायका दात घासतात, एवढंच.

हाड जुळलं नाही. एक्स-रेत फट तशीच दिसत होती. डॉक्टर दिरांनाच म्हणाला, "यांनी पायावर भार दिलेला दिसतोय."

दिला नव्हता. भाकरी मी थापत होते, त्या माझ्या खांद्याला धरूनच बाजेवरून उतरत होत्या. तरी परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो, तर दीर चारचौघांत ओरडले, "जरा म्हनून दम न्हाई हिला. कावून टेकवला पाय?"

"न्हाई वो टेकवला," त्या एवढंच म्हणाल्या. मी सांगायला गेले, तर दिरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुढं वर्षभर सासूबाई दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला तेच ऐकवत राहिल्या. जाऊबाई लंगडत माल काढायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी माझ्या भावानं औरंगाबादला एका डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरवलं. तिथंही दीर बोलायला लागले. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"तुम्ही सांगा, ताई. तंबाखू खाता?"

"न्हाई बाई."

"मिसरी?"

"ती लावते की. लई वर्षं झाली."

बाईंनी मान हलवली. "तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. कापलेल्या हाडाला रक्तच कमी पडलं तर ते जुळायचं कसं? पायावर भार देणं, वाढलेली साखर ही कारणंही असतात. पण मिसरी आधी सोडा, मगच मी परत ऑपरेशन करीन."

एवढा साधा प्रश्न! तो विचारायला एक वर्ष आणि दुसरं शहर लागलं. मला रडू येण्याऐवजी संतापच आला. आणि घरी आल्यावर दिरांनी काय करावं? आल्यागेल्याला सांगायला लागले, "मिसरीनं घात केला. स्वतःच्या हातानं पाय घालवला हिनं."

म्हणजे आधी पाय टेकवला म्हणून दोष जाऊबाईंचा, आता मिसरी लावली म्हणूनही त्यांचाच. त्या दिवशी मात्र त्या भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर कडाडल्या. "मला इचारलं व्हतं का कुनी? पाय माझा, तोंड माझं, आन् डाक्टर बोलला तुमच्याशी! तुमाला म्हाईत न्हवती मिसरी? तुमीच आनून देत व्हता की!"

दीर गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागले. सासूबाई आत निघून गेल्या.

मिसरी सोडताना त्यांचे फार हाल झाले. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, सगळ्यांवर खेकसायच्या. मी त्यांना बडीशेप द्यायची, ती त्या माझ्याच अंगावर फेकायच्या. पण सोडली. मग दुसरं ऑपरेशन झालं आणि या वेळी हाड जुळलं. अंगठा थोडा ताठ राहिला, चढ चढताना अजून दुखतो. बीडच्या त्या डॉक्टरला एकदा जाऊन जाब विचारावा, असं मी कितीदा म्हटलं. घरातले पुरुष म्हणाले, झालं गेलं, कशाला वाढवायचं?